राष्ट्रप्रमुख गप्प का बसतात?

"देशात एवढं घडतंय, मग राष्ट्रपती एक शब्द का बोलत नाहीत?"

हा प्रश्न एसटीत ऐकू येतो, ग्रामसभा संपल्यावर पारावर ऐकू येतो, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुलंही तो विचारतात. कुठे दलित वस्तीवर हल्ला झालेला असतो, कुठे एखादं राज्य महिनोन्महिने पेटलेलं असतं, कुठे शेतकऱ्यांच्या आत्महत्या थांबत नसतात. विचारणाऱ्याचा राग खरा असतो. त्याला "राष्ट्रपती नामधारी असतात" असं तीन शब्दांत उत्तर दिलं, की त्याचं समाधान होत नाही. व्हायलाही नको, कारण ते उत्तर अर्धंच आहे.

पूर्ण उत्तरासाठी आपण धाराशिव जिल्ह्यातल्या तामलवाडीपासून सुरुवात करू. सोलापूरहून तुळजापूरला निघालं आणि जिल्ह्याची हद्द ओलांडली, की हे गाव लागतं. कोजागरीला तुळजाभवानी आईच्या दर्शनाला पायी निघालेली माणसं याच रस्त्याने जातात. या गावाने एकाच आयुष्यात राष्ट्रप्रमुखाचं दोन तऱ्हेचं मौन पाहिलं, आणि दोन्ही वेळा गप्प बसणारा माणूस एकच होता. त्याची गोष्ट समजली, तर दिल्लीतल्या राष्ट्रपती भवनाचं कोडं सोडवणं सोपं जाईल.

१. राष्ट्रप्रमुख आणि सरकारचा प्रमुख

आधी एक फरक पक्का करू. राष्ट्रप्रमुख म्हणजे ज्याच्या नावाने राज्य चालतं तो. सरकारचा प्रमुख म्हणजे जो प्रत्यक्ष राज्य चालवतो तो. आज भारतात ही दोन पदं वेगळी आहेत: राष्ट्रपती आणि पंतप्रधान. अमेरिकेत दोन्ही एकाच माणसाकडे असतात, म्हणून तिथला अध्यक्ष गप्प बसला तर त्याला लगेच जाब विचारला जातो. जुन्या राजेशाहीतही दोन्ही एकाच्याच हातात असत.

म्हणून कोणत्याही राष्ट्रप्रमुखाच्या मौनाबद्दल मत बनवण्याआधी एक गोष्ट विचारायला हवी: त्या दिवशी, त्या प्रश्नावर त्याच्या हातात नेमकं काय होतं?

२. ज्याच्या हातात सगळं होतं

१९४८ च्या सप्टेंबरपर्यंत सोलापूर आणि तामलवाडी या दोन वेगळ्या राज्यांतल्या जागा होत्या. सोलापूर ब्रिटिशांच्या मुंबई प्रांतात, आणि १५ ऑगस्ट १९४७ नंतर स्वतंत्र भारतात. तामलवाडी निजामाच्या हैदराबाद संस्थानात. हद्दीवर करोडगिरीचे नाके होते, म्हणजे जकात घेणारी ठाणी. अलीकडे कलदार रुपया चालायचा, पलीकडे निजामाचा हाली शिक्का. भवानीच्या दर्शनाला जाणारा सोलापूरकर एका अर्थाने परराज्यात जात होता.

या राज्याचा प्रमुख मीर उस्मान अली खान, सातवा निजाम. १९११ साली तो गादीवर आला. जिल्ह्याला दीर्घकाळ असलेलं उस्मानाबाद हे नाव त्याच्याच नावावरून. जिल्ह्याचा काही भाग तर 'सर्फ-ए-खास' होता, म्हणजे निजामाची खासगी जहागीर, जिचा महसूल थेट त्याच्या तिजोरीत जायचा. राज्यात दीड कोटीहून अधिक माणसं होती. त्यांत ऐंशी टक्क्यांहून जास्त हिंदू, बोली तेलुगू, मराठी आणि कानडी. कारभार मात्र उर्दूत. त्याच्याकडे उत्तर मागू शकेल असं निवडून आलेलं मंत्रिमंडळ नव्हतं. त्याचं फर्मान म्हणजे कायदा. फौज त्याची, न्यायालयं त्याची, दिवाण त्याने नेमलेला. राष्ट्रप्रमुख आणि सरकारचा प्रमुख या दोन्ही पदांची शेवटची दोरी एकाच मुठीत होती.

हा माणूस बोलायचा कमी, पण प्रजेला गप्प करायचं कसं ते त्याच्या कारभाराला नीट ठाऊक होतं. १९२९ साली 'गश्ती निशान ५३' नावाचं परिपत्रक निघालं. सभा घ्यायची तर आधी परवानगी घ्या, असा त्याचा हुकूम. १९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेस नीट उभी राहण्यापूर्वीच तिच्यावर बंदी आली. त्याच वर्षी उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहात 'वंदे मातरम्' म्हटल्याबद्दल शेकडो विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आलं. त्यांतल्या कितीतरी मराठी मुलांनी पुढे नागपूरला जाऊन शिक्षण पूर्ण केलं.

याच जिल्ह्यात हिप्परग्याला एक राष्ट्रीय शाळा होती. तिथे व्यंकटेश खेडगीकर नावाचे शिक्षक मुख्याध्यापक होते. नंतर त्यांनी संन्यास घेतला आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. पुढे संस्थानातल्या स्वातंत्र्यलढ्याचं नेतृत्व त्यांनी केलं. हिप्परग्याची ती साधी शाळा नसती, तर मराठवाड्याचा मुक्तिसंग्राम निराळाच झाला असता असं माझं मत आहे.

आता १९४७-४८ कडे येऊ. जून १९४७ मध्ये निजामाने जाहीर केलं की इंग्रज गेल्यावर हैदराबाद स्वतंत्र राहील. ती स्वतंत्र सत्ता टिकवण्यासाठी रस्त्यावर उतरली रझाकार संघटना. तिचा पुढारी कासिम रझवी हा लातूरचा वकील, आणि लातूर तेव्हा याच उस्मानाबाद जिल्ह्यात. रझाकार सैनिक नव्हते, पोलीस नव्हते, पण त्यांच्या हातात शस्त्रं होती आणि त्यांना अडवणारं कोणी नव्हतं. हद्दीवरच्या गावांत लूट झाली, जाळपोळ झाली, माणसं मारली गेली. हजारो कुटुंबं घरदार सोडून सोलापूर, बार्शीकडे आली. आजही या भागातली म्हातारी माणसं एखाद्या गोष्टीचा काळ सांगताना "रझाकारात" एवढंच म्हणतात, आणि ऐकणाऱ्याला कळतं.

या सगळ्यावर राज्याचा प्रमुख काय म्हणाला? त्याने रझाकारांवर बंदी घातली नाही. ऑक्टोबर १९४७ मध्ये भारताशी 'जैसे थे' करार करायला निघालेल्या त्याच्याच शिष्टमंडळाच्या घरांना जमावाने वेढा दिला. छत्तारीचे नवाब त्याचे दिवाण होते आणि सर वॉल्टर मॉन्क्टन त्याचे घटनात्मक सल्लागार. त्यांना दिल्लीला जाता आलं नाही. छत्तारींनी पद सोडलं. तरी वेढा घालणाऱ्यांना शिक्षा झाली नाही. करार नोव्हेंबरच्या अखेरीस झाला खरा, पण रझाकार मोकळेच राहिले.

'इमरोज' या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान रझाकारांविरुद्ध लिहीत होते आणि संस्थानाने भारतात सामील व्हावं असं म्हणत होते. ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्यांना गोळ्या घालून मारलं, त्यांचे हात तोडले. निजामाच्या राजधानीत, निजामाच्याच भाषेत लिहिणारा, त्याच्याच धर्माचा एक तरुण संपादक! या एका नावामुळे ती लढाई हिंदू-मुसलमानांची होती असं म्हणणाऱ्यांचं तोंड बंद व्हायला हवं. ती सत्तेची आणि न्यायाची लढाई होती.

त्याच ऑगस्टच्या शेवटी भारताचे गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी निजामाला पत्र लिहिलं. राष्ट्रप्रमुखाच्या जागी असलेल्या एकाने दुसऱ्याला लिहिलेलं हे पत्र होतं, आणि रझाकारांवर बंदी घालण्याची मागणी त्यात होती. निजामाने ती मानली नाही.

३. आवाज फुटला तो दिवस

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौज संस्थानात शिरली. मुख्य चढाई सोलापूरच्या बाजूने झाली. नळदुर्गचा पूल फौजेने पहिल्याच दिवशी शाबूत ताब्यात घेतला, आणि तुळजापूरकडेही एक तुकडी वळली. पाच दिवसांत सगळं आटोपलं. १७ सप्टेंबरच्या संध्याकाळी निजामाने युद्धबंदी जाहीर केली. रझाकार संघटना मोडीत काढली. तुरुंगात असलेले स्वामी रामानंद तीर्थ सुटले.

इथे थोडं थांबू. वर्षभर जी बंदी घालता येत नव्हती, ती एका संध्याकाळी घालता आली. त्यासाठी नवा कायदा लागला नाही, सभा लागली नाही, कुणाची परवानगी लागली नाही. राजाचा एक हुकूम पुरला. हुकूम आदल्या वर्षी निघाला असता तर तो सगळ्यांनी मानला असता असं मी म्हणणार नाही. पण तो निघालाच नाही, आणि तो काढण्याचा अधिकार दुसऱ्या कुणाकडे नव्हता.

त्यानंतर सहा दिवसांनी, २३ सप्टेंबरला, निजाम नभोवाणीवर बोलला. रझवीच्या टोळक्याने हिटलरच्या जर्मनीची आठवण करून देणाऱ्या पद्धतींनी राज्य बळकावलं, आपल्यावर मंत्रिमंडळ लादलं आणि आपल्याला असहाय केलं, असा त्या भाषणाचा आशय होता. तोच पत्र नाकारणारा राजा आता म्हणत होता, की मी कैदी होतो.

हे खरं मानायचं का? काही अंशी मानावं लागेल. छत्तारींच्या घराला पडलेला वेढा खोटा नव्हता. राजधानीत रझाकारांची दहशत होती आणि ती राजवाड्यालाही जाणवत असणार. पण दहशत वाढत असताना, तिला सुरुवातीलाच अडवण्याची ताकद असताना, तो गप्प राहिला. रझाकारांच्या ओरडण्यातून त्याची स्वतंत्र राज्याची इच्छा पुरी होईल अशी आशा होती, तोवर त्याला ते नकोसे झाले नाहीत. ज्याच्या हातात सगळी सत्ता आहे त्याचं मौन म्हणजे संमती असते. ती संमती खेड्यातल्या माणसांनी भोगली. रझवीवर पुढे खटला चालला, तुरुंगवास झाला आणि १९५७ साली सुटल्यावर तो पाकिस्तानात गेला. राजाला कुणी काही विचारलं नाही.

४. आपल्या बाजूचं मौन

मराठवाड्यात ही गोष्ट इथेच थांबवायची सवय आहे. १७ सप्टेंबरला झेंडावंदन होतं, हुतात्म्यांना अभिवादन होतं, भाषणं होतात. ते सगळं योग्यच आहे. पण मौनावर लिहिलेल्या प्रकरणात पुढचं पान वगळलं, तर लिहिणाराही गप्प बसलेल्यांत मोजला जाईल.

पोलीस कारवाईच्या, म्हणजे सप्टेंबरातल्या त्या लष्करी चढाईच्या वेळी आणि नंतरच्या आठवड्यांत संस्थानाच्या अनेक जिल्ह्यांत मुसलमानांवर सूड उगवला गेला. त्यांतले बहुतेक रझाकार नव्हते. विणकर, शेतमजूर, दुकानदार, त्यांच्या बायका, मुलं. बातम्या दिल्लीला पोचल्या, तेव्हा नेहरूंच्या सरकारने पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना पाठवलं. नोव्हेंबरच्या अखेरीपासून डिसेंबर १९४८ पर्यंत ही मंडळी हिंडली. सोळापैकी नऊ जिल्हे त्यांनी पाहिले, शेकडो माणसांशी बोलले.

त्यांचा अंदाज असा: संस्थानात २७ ते ४० हजार माणसं मारली गेली. सर्वांत जास्त झळ पोचलेले चार जिल्हे त्यांनी नावानिशी दिले: उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. या चार जिल्ह्यांतलाच आकडा अठरा हजारांहून कमी नसावा, असं त्यांनी लिहिलं. हे आकडे म्हणजे मोजदाद नव्हे, भेटीगाठींतून काढलेला अंदाज. सरदार पटेलांना तो मान्य नव्हता. समितीने रझाकारांच्या अत्याचारांकडे पुरेसं पाहिलं नाही, असा त्यांचा आक्षेप होता. आक्षेपात तथ्य असेल, तर त्यावर उघड चर्चा व्हायला हवी होती. झालं उलटंच. अहवाल सरकारने छापला नाही, संसदेपुढे ठेवला नाही. तो सर्वसामान्य वाचकांना उघडपणे पाहायला मिळायला २०१३ साल उजाडलं.

त्याच अहवालात आणखी एक गोष्ट आहे. ठिकठिकाणी हिंदूंनी जीव धोक्यात घालून मुसलमान शेजाऱ्यांना वाचवलं, याची नोंद त्यात आहे. अहवाल दडवला गेला, तेव्हा त्यांचं धाडसही त्याच कपाटात बंद झालं.

आता आपल्या मूळ प्रश्नाच्या दृष्टीने बघा. १९४८ मध्ये भारतात जबाबदार सरकार होतं. गप्प बसण्याचा निर्णय मंत्रिमंडळाचा होता. त्याचा जाब गव्हर्नर जनरलला विचारून उपयोग नव्हता, तो पंतप्रधान आणि गृहमंत्र्यांनाच विचारायला हवा होता. निजामाच्या राज्यात एकाच माणसाकडे बोट दाखवता येत होतं. लोकशाहीत बोट कुठे दाखवायचं हे आधी शोधावं लागतं.

५. तोच माणूस, आता राजप्रमुख

२६ जानेवारी १९५० ला राज्यघटना अंमलात आली आणि मीर उस्मान अली खान हैदराबाद राज्याचा 'राजप्रमुख' झाला. जुन्या संस्थानांच्या राज्यांत राज्यपालाच्या जागी असणारं हे पद. त्याचं नाव तेच, राजवाडा तोच, पण फर्मान संपलं. आता मंत्रिमंडळ सांगेल ते करायचं.

१९५२ साली निवडणूक झाली. बी. रामकृष्णराव मुख्यमंत्री झाले, मुक्तिसंग्रामातले दिगंबरराव बिंदू गृहमंत्री झाले. ज्या सत्तेविरुद्ध ही माणसं लढली, त्या सत्तेचाच जुना धनी आता त्यांच्या सल्ल्याने वागायला बांधलेला होता. राज्यघटनेने काय उलथापालथ केली ते समजायला मला यापेक्षा चांगलं उदाहरण माहीत नाही.

त्याच वर्षी सप्टेंबरात हैदराबादेत 'मुलकी' आंदोलन पेटलं. बाहेरून आलेल्यांना नोकऱ्या दिल्या जातात, स्थानिकांना डावललं जातं, अशी विद्यार्थ्यांची तक्रार होती. पोलिसांनी गोळीबार केला, माणसं दगावली. राजप्रमुख गप्प होते. पण त्यांच्या मौनाचा राग कुणी धरला नाही. जाब मुख्यमंत्र्यांना आणि गृहमंत्र्यांना विचारला गेला. न्यायमूर्ती पिंगळे जगन्मोहन रेड्डी यांची चौकशी बसली. प्रश्न योग्य दारात गेला.

माणूस तोच, मौन तेच. १९४८ साली त्याने गुन्ह्याला वाट करून दिली आणि १९५२ साली कायदा पाळला. मधल्या चार वर्षांत त्याच्या हातातून सत्ता गेली होती. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याची तीन भागांत वाटणी झाली, मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि राजप्रमुख हे पदच उरलं नाही.

६. शिक्का

हाती सत्ता किती त्यावरून मौन जोखायचं, हा नियम राष्ट्रपतींना लागू कसा होतो?

४ नोव्हेंबर १९४८ रोजी, म्हणजे हैदराबादचा प्रश्न मिटून दोन महिनेही झाले नव्हते तेव्हा, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संविधान सभेत राज्यघटनेचा मसुदा मांडला. राष्ट्रपतीचं स्थान इंग्लंडच्या राजासारखं आहे, तो राष्ट्राचं प्रतिनिधित्व करतो पण राज्य करत नाही, असं त्यांनी समजावलं. राष्ट्राचे निर्णय ज्याने जाहीर होतात असा तो शिक्का आहे, हा त्यांच्या म्हणण्याचा आशय.

ग्रामपंचायतीचा गोल शिक्का डोळ्यांपुढे आणा. ठराव सदस्य करतात. शिक्का बसल्याशिवाय तो कागद तहसीलमध्ये चालत नाही. पण शिक्का स्वतःहून कधी ठराव करत नाही, आणि नळाला पाणी का आलं नाही म्हणून शिक्क्याला कुणी विचारत नाही.

राज्यघटनेचं ७४ वं कलम हेच सांगतं: राष्ट्रपतींनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागायचं. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने हे बंधन शब्दांत पक्कं केलं. संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे दरवर्षी होणारं राष्ट्रपतींचं अभिभाषणही मंत्रिमंडळच लिहून देतं. "माझं सरकार" म्हणत राष्ट्रपती जे वाचतात, त्यात त्यांना न पटलेलंही असू शकतं. तिथे स्वतःचं मत घुसडलं तर लोकांनी थेट निवडून न दिलेल्या माणसाने निवडून आलेल्या सरकारवर कुरघोडी केली असं होईल. आज ती कुरघोडी आपल्याला आवडणाऱ्या बाजूने होईल, उद्या नावडत्या.

इथवर 'नामधारी' हे उत्तर बरोबर आहे. पण हा शिक्का हाडामांसाचा असतो आणि त्याने शपथ घेतलेली असते. ६० व्या कलमातली ती शपथ राज्यघटनेचं रक्षण करण्याची आणि लोकांच्या सेवेला वाहून घेण्याची आहे. त्या शपथेसाठी राज्यघटनेने काही छोटी दारं उघडी ठेवली आहेत.

७. उघडी दारं

पहिलं दार: एकदा परत पाठवणं. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनंतर राष्ट्रपती मंत्रिमंडळाचा सल्ला फेरविचारासाठी एकदा परत पाठवू शकतात. तोच सल्ला पुन्हा आला तर मात्र मानावा लागतो. राष्ट्रपती असताना के. आर. नारायणन यांनी हे दार वापरलं. ऑक्टोबर १९९७ मध्ये उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याची शिफारस त्यांनी गुजराल सरकारला परत पाठवली, आणि सरकारने ती सोडून दिली. पुढच्या वर्षी बिहारची शिफारस त्यांनी वाजपेयी सरकारला परत पाठवली. दोन वेगळ्या पक्षांची सरकारं, दोघांना एकच माप. त्यांच्या विवेकाची खात्री मला यातूनच पटते.

दुसरं दार: सही न करणं. समजा, तामलवाडीहून तुम्ही पुण्यातल्या मुलाला पत्र लिहिलं. १९८६ साली संसदेने एक विधेयक मंजूर केलं, ज्यामुळे सरकारला अशी पत्रं अडवण्याची आणि उघडण्याची व्यापक मुभा मिळाली असती. ते सहीसाठी ग्यानी झैलसिंग यांच्याकडे गेलं. १११ व्या कलमाने राष्ट्रपतींना तीन वाटा दिल्या आहेत: सही करा, सही नाकारा किंवा परत पाठवा. किती दिवसांत, ते कलमात लिहिलेलं नाही. झैलसिंग यांनी कोणतीच वाट धरली नाही. कागद तसाच पडून राहिला. त्यांची मुदत संपली, तरी विधेयकाचा कायदा झाला नाही, आणि अखेर ते मागे घेतलं गेलं. इथे गप्प बसणंच नागरिकांच्या बाजूचं ठरलं.

हे दार न वापरल्याने काय होतं, तेही देशाने पाहिलं. २५ जून १९७५ च्या रात्री फक्रुद्दीन अली अहमद यांच्यापुढे आणीबाणीचा कागद आला. मंत्रिमंडळाची बैठक झालेली नव्हती, ती दुसऱ्या दिवशी सकाळी झाली. "मंत्रिमंडळाचा निर्णय कुठे आहे?" एवढं विचारलं असतं तरी एक रात्र मिळाली असती. त्यांनी सही केली. म्हणूनच ४४ व्या घटनादुरुस्तीने आता मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय सक्तीचा केला आहे. अधिकार असताना गप्प राहणं म्हणजे काय, याचा स्वतंत्र भारतातला सर्वांत ठळक नमुना तो. निजामाच्या मौनाला तो माझ्या लेखी जवळचा आहे.

तिसरं दार: आतून सांगणं. ७८ व्या कलमाने पंतप्रधानांवर राष्ट्रपतींना माहिती देण्याचं बंधन घातलं आहे. इंग्रज लेखक वॉल्टर बॅजट याने १८६७ साली राजाचे तीन हक्क सांगितले होते: सल्ला विचारला जाण्याचा, हुरूप देण्याचा आणि इशारा देण्याचा. हे बंद दाराआड चालतं, म्हणून बाहेरच्याला मौन वाटतं. २००२ च्या गुजरात दंगलींच्या वेळी आपण पंतप्रधानांना पत्रं लिहिली होती, असं नारायणन यांनी निवृत्तीनंतर सांगितलं. ती पत्रं माहिती अधिकारात मागितली गेली, पण २०१२ साली दिल्ली उच्च न्यायालयाने ती उघड करता येणार नाहीत असा निर्णय दिला. या दाराची अडचण हीच आहे. राष्ट्रपतीने आत काय केलं ते लोकांना कळत नाही, आणि ज्यांच्यासाठी केलं त्यांना धीर मिळत नाही.

८. नुसतं बोलून काय होतं?

चौथं दार उघड बोलण्याचं. हुकूम न देता, सरकारवर नाव घेऊन टीका न करता, देशाला आरसा दाखवण्याचं.

२५ जानेवारी २००० रोजी, प्रजासत्ताकाच्या पन्नाशीच्या पूर्वसंध्येला, नारायणन यांनी दीर्घकाळ सोसत आलेल्या लोकांच्या संतापापासून सावध राहा, असं देशाला बजावलं. दलितांची, आदिवासींची, स्त्रियांची स्थिती त्यांनी त्या भाषणात लपवली नाही.

२६ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयातल्या संविधान दिनाच्या कार्यक्रमात राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू बोलल्या. लिहून आणलेलं बाजूला ठेवून त्यांनी तुरुंगात खितपत पडलेल्या गरीब कैद्यांचा विषय काढला: खटला संपलेला नाही, सोडवायला कोणी नाही, घरच्यांकडे पैसा नाही. तीनच दिवसांत सर्वोच्च न्यायालयाच्या खंडपीठाने राज्यांकडून माहिती मागवली, की जामीन मिळूनही किती जण आत आहेत. कुठलाही अधिकार न वापरता, केवळ शब्दांनी एक चक्र फिरलं. म्हणूनच त्या बोलल्या नाहीत तेव्हा ते जास्त बोचतं. मे २०२३ पासून मणिपूर जळत होतं. ऑगस्टमध्ये विरोधी पक्षांचे खासदार निवेदन घेऊन राष्ट्रपती भवनात गेले. तिथली पहिली जबाबदारी केंद्र आणि राज्य सरकारची होती आणि जाबही त्यांनाच द्यायचा होता. तरी ज्या शब्दांनी तुरुंगाचं दार हललं, तसे शब्द मणिपूरच्या बायकांनाही वेळेवर मिळायला हवे होते, असं मला वाटतं.

जर्मनीचा राष्ट्रपतीही आपल्यासारखाच, सत्ता नसलेला. ८ मे १९८५ रोजी, दुसऱ्या महायुद्धातल्या पराभवाला चाळीस वर्षं झाली तेव्हा, रिचर्ड फॉन वायझेकर यांनी संसदेत सांगितलं की तो दिवस जर्मनांच्याही मुक्तीचा दिवस होता. आपल्या लोकांनी केलेल्या हत्या त्यांनी झाकल्या नाहीत. त्या भाषणाने कायदा बदलला नाही, पण जर्मनीची स्वतःच्या भूतकाळाकडे पाहण्याची रीत बदलली.

मराठवाड्यालाही असं बोलणारं कोणीतरी हवं आहे. दर १७ सप्टेंबरला मुख्यमंत्री छत्रपती संभाजीनगरला झेंडा फडकवतात, धाराशिवला पालकमंत्री येतात. त्यांच्या हातात निजामासारखं फर्मान नाही, पण राष्ट्रपतींपेक्षा पुष्कळ जास्त अधिकार आहे. रझाकारांनी मारलेल्यांची आणि पोलीस कारवाईनंतर मारल्या गेलेल्यांची, दोन्ही नोंदी राज्य सरकारने गावनिहाय काढाव्यात. सुंदरलाल समितीचा अहवाल, त्यावरच्या सरदार पटेलांच्या आक्षेपांसह, मराठीत अधिकृतपणे छापावा आणि जिल्ह्यातल्या प्रत्येक सार्वजनिक ग्रंथालयात ठेवावा. तामलवाडी परिसरातल्या वाचकांनी ही मागणी ग्रामसभेच्या ठरावाने करावी. तसा ठराव करण्याचा अधिकार त्यांना आजच आहे.